वॉकीटॉकी नेमका कोणत्या कामाचा?

एकाच कामाची दोन टोके दोन माणसांच्या हाती असली आणि ती टोके हाकेच्या पलीकडे असली, की कामापेक्षा येरझाऱ्याच जास्त होतात. विहिरीवर मोटर आणि चार एकरांच्या दुसऱ्या कडेला ठिबकाच्या नळ्यांची टोके, असे शेत डोळ्यांसमोर आणा. एकाने स्टार्टर दाबायचा, दुसऱ्याने नळ्यांची टोके उघडून गाळ वाहून जाऊ द्यायचा, स्वच्छ पाणी येऊ लागले की ती एकेक करून बंद करायची आणि मध्येच एखादा सांधा निसटला तर मोटर तत्काळ थांबवायला सांगायचे. हेच काम मोबाइलवरून करताना नंबर लावण्यात, घंटी वाजण्यात आणि चिखलाच्या हाताने खिशातून फोन काढण्यात एवढा वेळ जातो की तोवर सांध्याभोवतीची माती वाहून गेलेली असते. शिवाय विहीर ओढ्याकाठच्या खोलगट जागी असेल, तर तिथे मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. बटण दाबताच पलीकडच्या माणसाच्या कानात शब्द पोहोचवणारा छोटा दुतर्फा रेडिओ, म्हणजेच वॉकीटॉकी, अशा कामासाठी बनलेला आहे.

तरीही आपल्याकडे वॉकीटॉकी म्हटले की एकतर पोलिसांच्या खांद्यावरचा संच आठवतो, नाहीतर जत्रेतले प्लॅस्टिकचे खेळणे. या दोहोंच्या मधला, सामान्य माणसाने परवान्याशिवाय वापरावा असा एक वर्ग आहे आणि तो बराचसा दुर्लक्षित राहिला आहे. ज्यांनी तो विकत घेतला, त्यांतल्या अनेकांची निराशा होते, कारण त्यांनी तो ‘फुकटचा मोबाइल’ समजून घेतलेला असतो. मोबाइलची कामे त्याच्याकडून होत नाहीत. त्याचे स्वतःचे असे एक वेगळे काम आहे, आणि ते समजण्यासाठी बटण दाबल्यावर आत काय घडते ते आधी पाहावे लागेल.

मध्ये कोणी नसलेले संभाषण

तुम्ही मोबाइलवर बोलता तेव्हा समोरचा माणूस पन्नास मीटरवर उभा असला, तरी तुमचा आवाज आधी जवळच्या टॉवरकडे, तिथून कंपनीच्या यंत्रणेकडे आणि मग त्या माणसाजवळच्या टॉवरवरून त्याच्याकडे जातो. या साखळीतील एक कडी निसटली की संभाषण संपते. टॉवरला वीज लागते; वीज गेली की बॅटरी आणि डिझेल जनित्र टिकेल तेवढाच वेळ तो चालतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा लाखो मुंबईकरांनी हातातला फोन निरुपयोगी झालेला पाहिला. टॉवर शाबूत असतानाही तीच वेळ येऊ शकते, कारण एका टॉवरची एका वेळी संभाषणे पेलण्याची क्षमता ठरलेली असते आणि विसर्जनाच्या रात्री एकाच चौकात हजारो लोक फोन काढतात.

वॉकीटॉकीत मध्ये कोणी नसते. बटण दाबले की माइकमधला आवाज एका ठरावीक वारंवारितेच्या रेडिओलहरीवर स्वार होतो, अँटेनातून बाहेर पडतो आणि त्याच चॅनेलवर असलेला, टप्प्यातला प्रत्येक संच तो जसाच्या तसा ऐकवतो. नंबर नाही, घंटी नाही, उचलणे नाही. एकाने बोललेले दहा जणांना एकाच क्षणी कळते, आणि मोबाइलच्या तुलनेत त्याची खरी ताकद हीच आहे. ‘सगळे थांबा’ हे दोन शब्द दहा फोन लावून सांगता येत नाहीत.

याची किंमतही आहे. एकच वारंवारिता बोलण्यासाठी आणि ऐकण्यासाठी वापरली जात असल्याने संच एका वेळी एकच काम करू शकतो. बोलत असताना तो बहिरा असतो. दोघांनी एकदम बटण दाबले तर ते एकमेकांना ऐकत नाहीतच, पण तिसऱ्यालाही फक्त जवळच्या किंवा जोरकस संचाचा आवाज येतो, नाहीतर नुसती किंचाळी ऐकू येते. अरुंद पुलावर समोरची गाडी उतरेपर्यंत आपण थांबतो, तसाच इथला शिष्टाचार आहे. बटण सोडल्यानंतर सतत खरखर का ऐकू येत नाही, असा प्रश्न पडेल. पुरेसा जोरदार संकेत येईपर्यंत स्पीकर बंद ठेवणारी एक झडप संचात असते, तिला स्क्वेल्च म्हणतात. टप्प्याच्या अगदी कडेला असलेल्या माणसाचे बोलणे तुटक येत असेल, तर ही झडप सैल करून, थोडी खरखर सोसून, ते ऐकता येते.

हे तंत्र जुने आहे. १९३७च्या सुमारास कॅनडात डोनाल्ड हिंग्ज यांनी आणि पाठोपाठ अमेरिकेत अल ग्रॉस यांनी हातात किंवा पाठीवर नेता येणारे संच बनवले; दुसऱ्या महायुद्धात मोटोरोलाच्या संचांनी ते रणांगणावर नेले. नागरिकांसाठी अमेरिकेत १९५८मध्ये २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या वारंवारितांचा पट्टा खुला झाला आणि ट्रकचालकांनी तो आपलासा केला. आज आपण ज्यांना खिशातले संच म्हणतो, त्यांचा घरगुती प्रसार मात्र १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातला आहे.

‘रेंज किती?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर

दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न हाच असतो, आणि खोक्यावरचे उत्तर बहुधा सर्वात दिशाभूल करणारे असते. तिथे छापलेले दहा किंवा पस्तीस किलोमीटर हे निव्वळ खोटे नसतात. ते अशा जागी मोजलेले असतात जिथे तुम्ही संच वापरणार नसता.

या संचांची लहर प्रामुख्याने सरळ रेषेत जाते. पृथ्वी वाटोळी असल्याने कोणत्याही उंचीवरून क्षितिज ठरावीक अंतरावर असते आणि ते काढण्याचे सूत्र सोपे आहे: डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि ३.५७ने गुणावे, की किलोमीटर मिळतात. वातावरणात रेडिओलहर जमिनीकडे किंचित वाकते, त्यामुळे तिच्यासाठी गुणक सुमारे ४.१ धरतात. दीड मीटर उंचीवर संच धरलेल्या माणसाचे रेडिओक्षितिज यानुसार साधारण पाच किलोमीटरवर येते, आणि तशीच दोन माणसे समोरासमोर असतील तर दहा. म्हणजे शांत समुद्रावर किंवा निखळ सपाट मैदानावर, मध्ये एक झुडूपही नसताना, सैद्धांतिक मर्यादा दहा किलोमीटरची आहे. प्रत्यक्षात उसाचे फड, आमराई, घरे आणि जमिनीचे चढउतार मध्ये येतात. मोकळ्या रानात एक-दोन किलोमीटर मिळाले तर समाधान मानावे. दाट वस्तीच्या शहरात अर्ध्या किलोमीटरच्या आसपास संभाषण तुटू लागते.

आता उंची बदलून पाहा. सिंहगडाचा माथा पुणे शहरापेक्षा सुमारे ७५० मीटर उंच आहे. सूत्रात हा आकडा घातला की क्षितिज शंभर किलोमीटरच्या पलीकडे जाते. अर्ध्या वॅटचा संच एवढ्या अंतरावर प्रत्येक वेळी ऐकू येईल असे नाही, पण राजगड आणि तोरण्यासारख्या एकमेकांना उघड दिसणाऱ्या माथ्यांमध्ये त्याच संचावर स्वच्छ बोलता येते. उलट त्याच राजगडावर एकजण संजीवनी माचीच्या टोकाला आणि दुसरा बालेकिल्ल्याच्या पलीकडच्या अंगाला असेल, तर अंतर फारसे नसूनही मधला कातळ आवाज गिळून टाकतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट रेडिओलहरीला वाट देत नाही. म्हणून अनुभवी लोक ‘किती लांब’ हे विचारत नाहीत, ‘मध्ये काय आहे’ ते विचारतात.

संचाची शक्ती वाढवली की प्रश्न सुटेल, हा समज याच ठिकाणी उघडा पडतो. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट करायचे तर शक्ती चौपट लागते. अर्ध्या वॅटऐवजी पाच वॅट, म्हणजे दहापट शक्ती, वापरली तरी अंतर फार तर तिप्पट होते, आणि मध्ये डोंगर असेल तर तेही होत नाही. त्यापेक्षा कड्याच्या कडेपासून सुरक्षित अंतर राखून दहा पावले मोकळ्या जागी येणे, संच पट्ट्याला अडकवून न ठेवता तोंडाशी उभा धरणे आणि अँटेना आडवी न होऊ देणे यांनी जास्त फरक पडतो. माणसाचे शरीर बहुतांशी पाणी आहे आणि पाणी ही लहर शोषते. कमरेला लटकलेला संच म्हणूनच एका दिशेला जवळपास आंधळा होतो. पावसाळ्यात भिजलेली दाट पानेही हेच करतात, त्यामुळे उन्हाळ्यात पुरलेला टप्पा श्रावणात पुरेल असे गृहीत धरू नये.

परवानामुक्त संचांची वारंवारिता ४४६ मेगाहर्ट्झच्या आसपास असते, त्यामुळे लहरीची लांबी सुमारे ६७ सेंटिमीटर भरते. एवढी आखूड लहर खिडक्या, दारे आणि जिन्याच्या पोकळीतून बऱ्यापैकी आत शिरते, म्हणून इमारतींमध्ये हे संच अपेक्षेपेक्षा चांगले चालतात. लिफ्टचा पत्र्याचा डबा आणि जमिनीखालचे दुसरे पार्किंग मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. मोटारीचाही पत्रा आडवा येतो. काचेजवळ धरला तर निभावते.

जिथे तो शोभतो आणि जिथे नाही

ट्रेकवर वीस-पंचवीस जणांची रांग असली की पुढे वाट दाखवणारा लीडर आणि सर्वांच्या मागे राहणारा स्वीप यांच्यात सहज अर्ध्या तासाचे अंतर पडते. पुढचा चुकीच्या पायवाटेला वळला किंवा मागे कोणाचा पाय मुरगळला, तर ही बातमी माणसांच्या रांगेतून पुढे सरकताना तिचे रूपच बदलते. दोघांकडे एकेक संच आणि मध्यभागी तिसरा असला की हा प्रश्न उरत नाही. मधला माणूस दोन्हीकडे ऐकू येईल अशा जागी असतो आणि गरज पडल्यास एकाचे बोलणे दुसऱ्याला पुन्हा सांगतो. हा मानवी दुवा खर्चाविना टप्पा वाढवतो आणि माझ्या मते ट्रेकसाठी दोनऐवजी तीन संच घेण्याचे हेच सर्वात भक्कम कारण आहे. दोरावरून उतरताना तर संच जवळजवळ अपरिहार्य ठरतो. धबधब्याच्या आवाजात वरून मारलेली हाक खाली पोहोचत नाही, आणि ‘दोर सोडू का’ याचे उत्तर अंदाजाने घेणे परवडत नाही. सांदण दरीत याची दोन्ही रूपे दिसतात: कड्याचा माथा आणि पायथा एकमेकांना दिसतात तोवर संभाषण उत्तम चालते, आणि त्या चिंचोळ्या घळीने एक वळण घेतले की शांतता पसरते.

ताम्हिणी किंवा वरंध घाटात दोन-तीन गाड्या एकत्र निघाल्या की पुढच्या गाडीतून ‘वळणावर ट्रक आहे, थांब’ किंवा ‘डावीकडे चहाला वळतोय’ एवढे सांगता येणे पुष्कळ झाले. इथे बोलायचे काम शेजारी बसलेल्याचे आहे, चालवणाऱ्याचे नव्हे. घाटातली तीन-चार वळणे मध्ये आली की संपर्क तुटतो, आणि ती खूणही उपयोगी ठरते: मागच्याचा आवाज येईनासा झाला म्हणजे आपण फार पुढे आलो आहोत.

मंगल कार्यालयात भटारखाना, सभागृह आणि प्रवेशद्वार या तीन जागांमध्ये दिवसभर जो निरोप्यांचा राबता असतो, तो तीन संचांनी संपतो. वरात कोपऱ्यावर आली, दुसरी पंगत बसवा, जिलबी अर्ध्याच्या खाली आली, असे हे निरोप असतात. ते चार शब्दांचे असतात, त्यांना उत्तर म्हणून एक ‘बरं’ पुरते आणि पाच मिनिटांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही. या यंत्राला साजेसा निरोप हाच. गृहसंकुलात फाटकावरचा रखवालदार आणि इमारतीखालचा माणूस, शाळेच्या सहलीत बसजवळचे आणि मुलांबरोबरचे शिक्षक, गच्चीवर टाकी भरतेय का ते पाहणारा आणि खाली पंपापाशी उभा असलेला, ट्रक मागे घेणारा चालक आणि मागे उभा असलेला क्लीनर, यांचे काम याच जातीचे आहे. घरात अंथरुणाला खिळलेले कोणी असेल आणि सांभाळणारी व्यक्ती परसात किंवा वरच्या मजल्यावर असेल, तर उशाशी ठेवलेला संच स्मार्टफोनपेक्षा सोपा पडतो, कारण त्यावर एकच मोठे बटण दाबायचे असते. पण ज्यांच्या बोटांत ते बटण दाबून धरण्याचे बळ नाही, त्यांच्यासाठी भिंतीवरची साधी बिनतारी घंटीच बरी.

गणपतीच्या मिरवणुकीत मोबाइल जाम होतो म्हणून वॉकीटॉकी घ्यावा, असे सुचवले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. परवानामुक्त पट्टा जेमतेम ०.२ मेगाहर्ट्झ रुंद आहे आणि प्रत्येक चॅनेलला १२.५ किलोहर्ट्झ जागा लागते, म्हणजे त्यात १६ चॅनेल बसतात. एकाच रस्त्यावर डझनभर मंडळांनी हेच संच आणले, तर गर्दी टॉवरवरून उठून या चॅनेलांवर येऊन बसते. शिवाय ढोल-ताशाच्या पथकाजवळ स्पीकरचा आवाज कानापर्यंत पोहोचणे अशक्यच. कानात बसणारा इयरफोन आणि तोंडाजवळचा माइक नसेल तर संच नुसता मिरवण्यापुरता उरतो.

वारीसाठी त्याची शिफारस मी करणार नाही. दिंडीचा सामानाचा ट्रक मुक्कामाच्या गावी पुढे जातो आणि चालणारे वारकरी कित्येक किलोमीटर मागे असतात. या अंतराला खिशातला संच पुरत नाही. एखाद्या मोठ्या दिंडीत पुढचा झेंडेकरी आणि शेवटची रांग यांच्यात तो चालेल, ट्रकशी बोलायला फोनच हवा.

बोलण्याची शिस्त

हे संच आवाजाचा साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झ एवढाच भाग पुढे नेतात. ‘स’ आणि ‘श’ यांची धार त्याहून वरच्या पट्टीत असल्याने ती कापली जाते. मराठीत याचा नेमका त्रास आकड्यांना होतो: ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ रेडिओवर एकमेकांत मिसळतात. ‘साठ मीटर दोर’ म्हणण्याऐवजी ‘सहा शून्य मीटर’ म्हणावे आणि ऐकणाऱ्याने तोच आकडा परत म्हणून दाखवावा.

बटण दाबल्याबरोबर बोलू नये. पलीकडच्या संचाची झडप उघडायला क्षणभर वेळ लागतो आणि पहिला शब्द खाल्ला जातो. ‘नको सोडू’ यातला ‘नको’ गेला तर काय होईल याची कल्पना केलेली बरी. एक सेकंद थांबावे, माइक तोंडापासून चार बोटे दूर ठेवावा, वाऱ्याकडे पाठ करावी आणि ओरडू नये, कारण ओरडल्याने आवाज मोठा होत नाही, फाटतो. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले: ‘मंदार, मी ज्योती.’ बोलणे संपले की ‘ओव्हर’ म्हणायला अनेकांना संकोच वाटतो आणि दोन माणसांत त्याची गरजही नसते. चार-पाच जण असतील तर मात्र तो एक शब्द अनेक टकरी टाळतो.

सर्वात मोलाची सवय निघण्यापूर्वी लावायची असते. संपर्क तुटला तर काय करायचे, हे आधी ठरवावे: दर तासाच्या ठोक्याला दोघांनीही थांबून, उंच जागा गाठून, पाच मिनिटे ऐकायचे. हे न ठरवल्यास एकजण दरीत असताना दुसरा बोलत राहतो आणि बॅटरी संपवतो. खोक्यावर लिहिलेले बॅटरीचे तास बहुधा अशा हिशेबाने काढलेले असतात की शंभरातला पाच टक्के वेळ बोलणे, पाच टक्के ऐकणे आणि नव्वद टक्के नुसते चालू राहणे. सतत बडबडणाऱ्या गटाला तेवढे तास मिळत नाहीत. पावसाळी वापरासाठी आयपी ६७ हे मानांकन पाहावे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही आत पाणी शिरत नाही. आयपी ५४चा संच उडणारे थेंब सोसतो, ओढ्यात पडणे सोसत नाही.

एका गैरसमजाचा उल्लेख इथेच करायला हवा. अनेक संचांवर ‘प्रायव्हसी कोड’ नावाची सोय असते. बोलण्याबरोबर कानाला न जाणवणारा एक खालचा स्वर पाठवला जातो आणि तोच स्वर ओळखणारे संच स्पीकर उघडतात, एवढीच ती करामत आहे. तिच्यामुळे तुम्हाला इतरांची बडबड ऐकू येत नाही. इतरांना तुमचे बोलणे ऐकू येतच राहते, कारण ज्याने कोड लावलेला नाही त्याचा संच सगळेच ऐकतो. घर रिकामे आहे, किल्ली कुठे ठेवली आहे, रोकड कोणाकडे आहे, या गोष्टी हवेत सोडू नयेत.

कायद्याची बाजू

आपल्या देशात बिनतारी संच बाळगणे हे पूर्वापार परवान्याचे काम मानले गेले आहे. १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी तार कायदा हे त्याचे मूळ, आणि आता त्यांची जागा २०२३चा दूरसंचार कायदा घेत आहे. या चौकटीतून काही पट्ट्यांना सूट दिलेली आहे. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा नागरी पट्टा २००५पासून मोकळा आहे, पण त्या लहरीला साजेशी अँटेना पावणेतीन मीटर लांब होते, म्हणून खिशातल्या संचांना तो सोयीचा नाही. २०१८च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त झाला, आणि सर्वसामान्य माणसाने घ्यावा तो याच पट्ट्यातला संच. पट्टा मोकळा असला तरी संचाच्या त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता, म्हणजे ईटीए, असावी लागते. विक्रेत्याला वारंवारिता आणि ईटीए क्रमांक, या दोनच गोष्टी विचाराव्यात. तो चाचरला तर पुढच्या दुकानात जावे.

हे सांगण्याचे कारण, ऑनलाइन बाजारात स्वस्तात मिळणारे पाच वॅटचे, कोणत्याही वारंवारितेवर नेता येणारे संच या सवलतीत बसत नाहीत. ते पोलीस, अग्निशमन आणि इतर सेवांच्या वारंवारितांवर जाऊ शकतात, आणि ज्याला त्यातले काही कळत नाही तोच बहुधा चुकून तिथे बोलतो. वारंवारिता आणि परवान्याची माहिती न देता असे संच विकले जात असल्याचे पाहून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५मध्ये ई-विक्री मंचांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली.

परदेशातून येणाऱ्या भेटींबाबतही सावध राहावे. अमेरिकेत परवान्याशिवाय वापरता येणारे घरगुती संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. तिथल्या भाच्याने हौसेने आणलेली जोडी इथे सवलतीत बसत नाही. उलटही खरे आहे: आपला ४४६चा संच अमेरिकेत हौशी रेडिओच्या, म्हणजे छंद म्हणून परवाना काढून रेडिओवर बोलणाऱ्यांच्या, राखीव पट्ट्यात येतो आणि परवान्याशिवाय तिथे वापरता येत नाही. युरोपात तो चालतो. ऑस्ट्रेलियात लांबच्या प्रवासासाठी ४७७ मेगाहर्ट्झचा ८० चॅनेलांचा वेगळा नागरी पट्टा आहे, त्यातले ५ आणि ३५ हे चॅनेल आणीबाणीसाठी राखलेले आहेत आणि ४० क्रमांकावर महामार्गावरचे ट्रकचालक बोलतात. मेलबर्नहून सिडनीला गाड्या घेऊन निघणाऱ्या मराठी कुटुंबांनी तिथलाच संच घ्यावा.

‘देशभर रेंज’ अशी जाहिरात असलेले संचही दुकानात दिसतील. त्यांच्यात सिमकार्ड असते आणि ते मोबाइलच्याच जाळ्यावरून बोलतात. मालवाहतूक कंपनीला ते सोयीचे आहेत, पण मोबाइल जिथे बंद पडतो तिथे तेही बंद पडतात, त्यामुळे डोंगरासाठी ते घेण्यात अर्थ नाही.

कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमार होड्यांवरचे संच याहून निराळे. ते सागरी व्हीएचएफ पट्ट्यावर चालतात आणि संकटाची हाक १५६.८ मेगाहर्ट्झच्या १६व्या चॅनेलवर दिली जाते. खिशातला ४४६चा संच समुद्रावर त्यांची जागा घेऊ शकत नाही, कारण त्यावर दिलेली हाक तटरक्षक दल ऐकत नसते.

ज्यांना या मर्यादांपलीकडे जायचे आहे, त्यांच्यासाठी हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, मार्ग खुला आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अशाच एका हौशी मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होते आणि मुख्य भूमीशी संपर्क ठेवण्याचे काम त्यांच्या संचांनी केले. डब्ल्यूपीसीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर परवाना आणि ‘व्हीयू’ने सुरू होणारे संकेतनाम मिळते, मग १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झवर अधिक शक्तीचा संच रीतसर वापरता येतो. हा परवाना व्यवसायासाठी चालत नाही, आणि त्यावर बोलणारी दोन्ही टोकांची माणसे परवानाधारक असावी लागतात. गृहसंकुलाच्या रखवालदारांसाठी किंवा रिसॉर्टच्या कर्मचाऱ्यांसाठी ४४६चा पट्टा अपुरा पडत असेल, तर संस्थेने आपल्या नावाने वारंवारिता मागावी लागते, आणि तो अर्ज दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ या संकेतस्थळावरून करता येतो.